हाळीचा धनी

रामचंद्रशेठची मोटार लॉरी धाकटखारच्या बांधात गाडली गेली, ही गोष्ट खरी. ती गाडताना अख्खं गाव तिथे होतं, हीसुद्धा खरी. मग अलिबागच्या कोर्टात दोघेच का उभे राहिले आणि त्यातला एकच का बुडाला, हे सांगायचं तर आधी बांधाचं सांगावं लागेल.

धाकटखार धरमतरच्या खाडीला लागून आहे. गावाची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली, आणि मध्ये चिखलमातीचा लांबच लांब बांध, तेवढाच काय तो आडोसा. या बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी आत घुसतं. एकदा घुसलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायला नको. पिण्याचं तळंही बांधाच्या आतच. म्हणून वाडवडिलांनी जोळ, म्हणजे बांध राखायची सामायिक रीत, घालून दिली होती. ज्याला खांड दिसेल त्याने हाळी द्यायची. हाळी ऐकली की घरटी एक माणूस टोपली घेऊन बांधावर पळत सुटायचा. चिखल पुरला नाही तर हाताला लागेल ते खांडीत लोटायचं, मग ते दार असो, बाज असो की गाडी असो, आणि ज्याचं असेल त्याचं असो. हाळी देणारा त्या दिवसाचा धनी. तो सांगेल ते करायचं, आणि मागाहून वांधा निघाला तर त्याने पुढे होऊन ‘हाळी माझी’ म्हणायचं. त्याने म्हटलं की नुकसान सगळ्या गावावर सारखं वाटलं जायचं. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती, कारण तोवर खांडीत जे जे गेलं ते गावातलंच होतं.

एकतीस सालच्या वैशाखात रामचंद्रशेठने खाडीच्या टोकाला बंगला बांधायला काढला. शेठ अलिबागचा बडा व्यापारी. त्याची नवी कोरी लॉरी कौलं घेऊन निघाली. सरळ रस्ता वळसा घालून जात होता, आणि अनंता ड्रायव्हरला वळशाचा कंटाळा. त्याने लॉरी बांधावर घातली. आमच्याकडे बैलगाडीसुद्धा बांधावरून रिकामी नेतात. गावचा म्हातारा अंबाजी काठी आडवी धरून मधे उभा राहिला.

“नको घालू बाबा, आत ओला हाय तो.”

अनंताने भोंगा वाजवला. म्हातारा बाजूला झाला, नाहीतर काय करणार. शंभर पावलांवर मागचं चाक बांधात आसापर्यंत रुतलं. अनंताने चार शिव्या दिल्या, त्यातल्या दोन बांधाला आणि दोन अंबाजीला, आणि माणसं आणायला पोयनाडच्या दिशेने चालू लागला. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला भर दुपारी खाडी किती फुगते हे त्याला ठाऊक नसावं, किंवा असलं तरी लॉरीच्या काळजीत सुचलं नसावं.

बांधावर राखणीची पाळी येसाजीची होती. चाकाने पाडलेल्या खळगीतून आधी नुसता ओघळ आला. मग ओघळाने माती खाल्ली, आणि बघता बघता लॉरीच्या शेजारी दार उघडावं तशी खांड पडली. येसाजीने हाळी दिली. त्याचा आवाज असा की खाडीपलीकडच्या गावातल्या म्हशी माना वर करायच्या. लोक धावले. टोपल्यांमागून टोपल्या पडत होत्या आणि पाणी त्या गिळत होतं. येसाजीची जमीन बांधाला अगदी चिकटून, म्हणजे पहिलं पाणी त्याच्याच शेतात. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने एकदा खांडीकडे बघितलं, एकदा लॉरीकडे बघितलं, आणि ओरडला, “मोटार लोटा! दादू, बैल जोड!”

दादू त्याचा शेजारी. भित्रा, कमी बोलणारा, पण बैल म्हणजे त्याचा जीव. त्याने पळत जाऊन जोडी आणली, दोर बांधला. बैलांनी पुढून ओढलं, चाळीस खांद्यांनी मागून रेटलं, आणि शेठची लॉरी कौलांसकट खांडीत आडवी झाली. वर दारं पडली, पेंढा पडला, चिखल पडला. भरती उतरेपर्यंत पाणी थांबलं. तळं वाचलं, शेतं वाचली. माणसं चिखलात बसून अशी हसत सुटली की विचारू नका. अनंता चार हमाल घेऊन परत आला तेव्हा त्याला बांधावर लॉरी दिसेना, आणि दादूच्या बैलांच्या मानेवर अजून दोर होता.

“कोणी केलं हे?”

“येसाजीची हाळी!” पाचपन्नास तोंडांनी एकदम सांगितलं. कोणालाही त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. अनंता बैलांकडे टक लावून बघत राहिला. त्यातला एक कपाळावर पांढरा होता.

आषाढात समन्स आलं. पट्टेवाल्याने ते येसाजीच्या ओटीवर ठेवलं आणि दुसरं दादूच्या. लॉरीची आणि मालाची भरपाई मागितली होती. आकडा ऐकून सोनाबाईने, येसाजीच्या बायकोने, तो पुन्हा वाचायला लावला, आणि दुसऱ्यांदा ऐकून ती आपल्या नावावर काय काय आहे ते मोजू लागली. बांधालगतचं शेत तेवढं त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. बाकी सगळं खंडाचं, म्हणजे दुसऱ्याचं, कसायला घेतलेलं. ते शेतही आयतं मिळालेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसती खारवट गवतं उभी होती, आणि आठ पावसाळे तिने आणि येसाजीने त्यातलं मीठ धुऊन काढलं होतं. आता कुठे तिथे खाण्याजोगा भात येऊ लागला होता.

“चालीस मानसांनी रेटली,” ती म्हणाली, “आनि कागद तुमच्याच नावाचा?”

“हाळी माजी व्हती.”

“त्या दिशी तुमचा घसा बसला असता तं काय बिगाडलं असतं?”

हे ती रागाने म्हणाली, पण पोटात गोळा आला होता तो रागाचा नव्हता. त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. रोपं लावताना वाकलेली ती मधेच सरळ व्हायची आणि शेताच्या चारी कडा डोळ्यांनी मोजायची, कोणी कापून नेतंय की काय म्हणून. रस्त्यावर टोपी दिसली की जप्तीवाला आला म्हणून तिचे हात थांबायचे. दोनदा तर तो टोपीवाला नुसता टपालवाला निघाला, आणि तिने त्यालाच झापलं.

येसाजीने अलिबागला चांगदेवराव वकिलांना गाठलं. सोनाबाई बरोबर गेली. बायकांनी वकिलाकडे जायची रीत नव्हती, पण येसाजी एकटा गेला तर काय बोलून येईल याचा तिला भरवसा नव्हता. दादूने वकील केलाच नाही. त्याचं म्हणणं असं, की येसाजी बोलेल तेच माझंही, मग दोन वकील कशाला?

चांगदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पान लावलं, तोंडात टाकलं, आणि मग म्हणाले, “बांध आधी लॉरीने फोडला, हे मी मांडीन. पण तो बांध कोणाच्या नावावर? कोणाच्याच नाही. गावाचा, म्हणता. कोर्टात गाव उभं राहत नाही येसाजी, माणूस उभा राहतो. आता मला सांग, लॉरी लोटा म्हणून तू सांगितलंस, हे ऐकणारा त्यांच्या बाजूला कोण आहे?”

“सगल्या गावानी ऐकलं.”

“गाव तुझं. त्यांचा ड्रायव्हर तेव्हा तिथे नव्हता. त्याने मागाहून ऐकलं, ती ऐकीव गोष्ट झाली. तू ‘मी सांगितलं’ म्हणालास तर हुकूम देणारा तू, आणि भरपाई तुझ्या शेतातून निघेल. तू ‘मला ठाऊक नाही’ म्हणालास तर तुझ्याविरुद्ध पुरावा नाही. इतकं सोपं आहे.”

“आनि दादू?”

“त्याच्या बैलांच्या मानेवरचा दोर अनंताने डोळ्यांनी बघितलाय. पण तो माझा अशील नाही.”

 सोनाबाईने वकिलांकडे बघून होकारार्थी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ चांगदेवरावांना बरोबर कळला.

घरी आल्यावर तिने हा विषय सोडलाच नाही. चुलीपाशी तेच, गोठ्यात तेच, शेतात तेच. येसाजी एकच वाक्य धरून बसला होता. हाळी देऊन नाकारायची कशी? सोनाबाईला ते वाक्य ऐकलं की डोकं फिरायचं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हा चढायच्या आधीच गळ्यात दोर घालून निघालेला.

मार्गशीर्षात तारीख लागली. तिच्या आधी एका सकाळी अंबाजी येऊन ओटीवर बसला. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“येसा, तू ‘हाळी माजी’ एवढंच बोल. पुढचं गाव बघील. घरटी वाटनी करू. कमी पडलं तं सुगी झाल्यावर पुन्ना करू. तुजं शेत जाऊ द्याचं न्हाय आमी.”

येसाजीचा चेहरा उजळला. सोनाबाई दाराआडून बाहेर आली. “अंबाजीबा, तुमी बोलताव ते खरं. पन कागद कोनाच्या नावाचा? उद्या अर्ध्यांनी दिलं, अर्ध्यांनी न्हाय दिलं, तं जप्तीवाला तुमच्या दारात येल का आमच्या?”

“आजवर कोनी वाटनी चुकवली?”

“आजवर दारं नि बाजा गेल्या. मोटार कंदी गेली?”

 तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते अंबाजीलाही कळत होतं. तो उठताना येसाजीला म्हणाला, “तुजा तू बघ. पन दादूनी वकील न्हाय केला, ध्यानात ठेव.” येसाजीने मान डोलावली. अंबाजीने ती होकाराची धरली आणि गावात तसं सांगितलं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी सोनाबाई शेतात बसून राहिली. येसाजी बोलवायला गेला. ती रडत नव्हती. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मी तुमच्याजवल कंदी काय मागलं? लुगडं मागलं? नथ मागली? ह्यो तुकडा तेवडा ठेवा.”  तिच्या शेजारी बसून त्याने मातीचं एक ढेकूळ हातात घेतलं आणि ते फुटेपर्यंत दाबत राहिला.

कोर्टात गाव लोटलं होतं. निम्मे आत, निम्मे बाहेर वडाखाली. सगळ्यांची तोंडं निवांत होती, कारण काय बोललं जाणार ते त्यांना ठाऊक होतं. सुपारी फिरत होती. सोनाबाईने मात्र आलेली सुपारी तशीच पुढे दिली. दादू नवं धोतर नेसून आला होता. त्याची बायको आवडाबाई सोनाबाईला चिकटून बसली आणि हळूच म्हणाली, “भाऊजी हायत ना, मग मना घोर न्हाय.”

येसाजी पिंजऱ्यात चढला. शपथ झाली. शेठच्या वकिलाने विचारलं, “लॉरी खांडीत लोटायला कोणी सांगितलं?”

येसाजीने समोर बघितलं. मुन्सफाच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्यावर त्याची नजर ठरली. त्याचा आवाज, ज्याने म्हशी माना वर करायच्या, तो पुढच्या बाकालाही धड ऐकू गेला नाही.

“मना ठाव न्हाय.”

“मोठ्याने सांगा.”

“मना ठाव न्हाय. लय गर्दी व्हती.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग बाकांवरून कुजबुज सरकत दारापर्यंत गेली आणि तिथून वडाखाली पोचली. आवडाबाईने सोनाबाईकडे बघितलं. सोनाबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

दादूची पाळी आली. बैल तुझे? व्हय. दोर तू बांधलास? व्हय. का बांधलास? “हाळी आली म्हनून.” कोणाची हाळी? दादू येसाजीकडे वळला. त्याला अजून वाटत होतं की काहीतरी चुकलंय, येसाजी उठेल आणि नीट सांगेल. तो बराच वेळ तसाच वळलेला राहिला. मुन्सफांनी टेबलावर पेन्सिल आपटली. “याची,” दादू म्हणाला. “येसाजीची.” शेठचा वकील हसला. “सापडला की प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव घेतो, साहेब.” अंबाजी मधल्या बाकावरून उठून बोलू लागला, तेव्हा पट्टेवाल्याने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. साक्षीदारांत त्याचं नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. गरज पडेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

येसाजी सुटला. हुकूमनामा दादूवर झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोर असा कोणी नव्हताच, तरी फाशी संन्याशालाच झाली. बाहेर आल्यावर चांगदेवराव खुशीत होते. पान चघळत सहज म्हणाले, “मुन्सफसाहेबांनी एक गोष्ट मात्र लिहिली हां. म्हणे, गाव वाचवण्यासाठी नाइलाजाने हे केलं असं कोणी जबाबदार माणसाने पुढे येऊन सांगितलं असतं, तर भरपाईचा वेगळा विचार करता आला असता. असो, आपलं काम झालं.” येसाजी तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. सोनाबाईला ‘आपलं काम झालं’ एवढंच ऐकायचं होतं, पण आधीचंही ऐकू आलं होतं.

घरी जाताना गाव पुढे चालत होतं. कोणी त्यांना शिवी दिली नाही, टोमणा मारला नाही. नुसते सगळे जरा भरभर चालत होते.

धनी नाही तर वाटणी नाही, असा नियम. लोकांनी दादूला आपापल्या परीने दिलं, पण ती दया झाली, वाटणी नव्हे, आणि दया कधी पुरत नाही. फाल्गुनात दादूची जोडी लिलावात गेली. पांढऱ्या कपाळाचा बैल वेशीवर अडून बसला, तर त्याला चालतं करायला दादूलाच बोलवावं लागलं. तो पुढे चालला, बैल मागे गेला. सोनाबाईने हे कुडाच्या फटीतून बघितलं. पुढच्या पावसाळ्यात दादूने उसन्या बैलांवर नांगरणी केली, तीही सगळ्यांची झाल्यावर.

आवडाबाई पूर्वीसारखीच विस्तव मागायला यायची. त्याच जागी बसायची, तेवढंच बोलायची. फक्त ‘भाऊजी’ हा शब्द तिच्या तोंडून गेला होता. तिने एकदा तरी भांडावं म्हणून सोनाबाई तिला उगाच खोचून बोलायची. ती निखारा उचलायची आणि निघून जायची. शेत वाचलं होतं. त्यात भात उभा होता, चांगला पोसलेला. सोनाबाई बांधावर उभी राहून त्याच्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, आपण दुसऱ्याच्या घरात घुसून बसलोय आणि घरवाले अजून काही बोलत नाहीत. शांत झोप तिला त्या आषाढापासून लागली नव्हती, ती अजूनही लागत नव्हती. आधी जप्तीची भीती होती. आता कशाची होती, ते तिला सांगता येत नव्हतं.

भाद्रपदाच्या अमावास्येला ते कळलं.

दुपारची वेळ. भात पोटरीत आलेला, लोंब्या सुटायच्या बेतात. दोन दिवस वारं खाडीकडून होतं आणि पाणी बांधाच्या डोक्याला लागत होतं. येसाजी शेतात होता. जुन्या उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, बांध आतून भिजून फुगला आणि हातभर तुकडा धप्पकन खाली बसला. त्याने हाळी दिली. सोनाबाई घरातून धावली. तिच्या मनात एकच, की आता कोणी आलं नाही तर?

पण लोक आले. यायलाच हवे होते, शेतं त्यांचीही होती. टोपल्या पडू लागल्या. सोनाबाईच्या जिवात जीव आला, आणि तिनेही पदर खोचून टोपली उचलली. बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं आहे. नेहमीची आरडाओरड नव्हती. प्रत्येकजण आपली टोपली आणत होता, टाकत होता, परत जात होता. कोणी दार आणलं नव्हतं. कोणी कोणाच्या गाडीला हात लावला नव्हता. आणि चिखल विरघळून जात होता, खांड रुंद होत होती.

खांडीपासून हाकेच्या अंतरावर रामचंद्रशेठची होडी बांधली होती. मागच्या साली लॉरी गेल्यापासून शेठ बंगल्याचं सामान होडीने आणत असे. आज तिच्यात जांभ्याचे चिरे होते, काठोकाठ. खलाशी गावात जेवायला गेले होते. असली भरलेली होडी खांडीत आडवी बुडवली तर पाणी जागच्या जागी थांबतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. प्रत्येकाची नजर एकदा तिच्यावर जाऊन परत येत होती. 

“होडी वढा!” येसाजी ओरडला. “खांडीत घाला! काय बघताव?”

एक माणूस हलला नाही.

पाणी येसाजीच्या शेतात शिरलं होतं. पलीकडे दादूचं शेत, त्यापुढे तळं. येसाजीने पुन्हा आरोळी दिली. त्याचा आवाज फाटला. अंबाजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने विचारलं, ओरडून नव्हे, साध्या आवाजात, “कोनाच्या सांगन्यानी?”

“माज्या!”

 तरी कोणी होडीकडे पाऊल टाकलं नाही. चेहऱ्यांवर राग असता तर सोनाबाईला बरं वाटलं असतं. राग नव्हता. माणसं घाबरलेली होती. बुडती शेतं समोर होती, आणि तरी हात पुढे करायची त्यांना भीती वाटत होती, कारण हात कोणाचा होता हे उद्या विचारलं जाणार होतं, आणि तेव्हा शेजारी कोण उभं राहील याची खात्री गावातून निघून गेली होती. ही भीती कोणी आणली ते सोनाबाईला आता लख्ख दिसलं. गेलं सव्वा वर्ष तिच्या पोटात जो गोळा होता, तोच आता इतक्या जणांच्या पोटात होता.

तिने टोपली टाकली. गुडघाभर पाण्यातून ती खांडीपाशी आली आणि येसाजीच्या पुढे उभी राहिली.

“माज्या सांगन्यानी,” ती म्हणाली.

कोणीतरी मागे हुंकार दिला. बाईमाणसाने जोळीत असं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

“होडी माज्या सांगन्यानी घालताव तुमी. शेठनी इचारलं तरी माजंच नाव, मुन्सफानी इचारलं तरी माजंच. पिंजऱ्यात मी चढन. ह्ये शेत लिवून न्यायचं तं नेऊ दे.” ती आवडाबाईकडे वळली. “मागल्या साली यांचं त्वांड मी दाबलं. यांनी न्हाय, मी. ऐकलंस का गो आवडे? मी दाबलं!”

आवडाबाई डोक्यावर चिखलाची टोपली घेऊन उभी होती. तिने ऐकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. मग अंबाजीने बघितलं, मग सगळ्यांनीच. हाळीच्या नावावर ज्याचं गेलं होतं तो एकटा दादू होता, आणि तो नाही म्हणाला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. पाणी त्याच्या शेताच्या कडेला पोचलं होतं. त्याने सोनाबाईकडे बघितलं, तसंच, जसं कोर्टात येसाजीकडे वळून बघितलं होतं. ती नजर खाली न घालता उभी राहिली.

दादूने टोपली खाली ठेवली आणि होडीपाशी जाऊन तिचा दोर सोडायला घेतला.